दोन ओळींचा निकाल

घरात चार माणसं असली की टीव्हीवरच्या मालिकेबद्दल पाच मतं असतात. पाचवं मत मालिका न बघणाऱ्याचं असतं आणि तेच सगळ्यांत ठाम असतं. आपण ही मतं उत्साहानं लिहितो, फोनवरून पाठवतो आणि मोकळे होतो. ती पुढे कुठे जातात, कोण वाचतं, आणि वाचतं म्हणजे नेमकं काय करतं, याचा विचार आपण कशाला करू? ही गोष्ट ती मतं वाचणाऱ्या बाईची आहे.

टीव्ही वाहिनीच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर प्रेक्षक विभाग होता. नाव भारदस्त, जागा म्हणजे दोन खोल्या, सहा कपाटं आणि मागच्या गल्लीकडे उघडणारी एक खिडकी. तिथे अकरा वर्षं काम करणाऱ्या बाईला सगळे चाळणीताई म्हणायचे. लोकांची मतं चाळून त्यांचं एक पान करायचं, हे तिचं काम. तिला ते नाव आवडायचं. चाळणी कुणाची बाजू घेत नाही, पीठ खाली आणि कोंडा वर, असं ती नव्या माणसांना ऐकवायची.

तिची पद्धत ठरलेली होती. फोनवर आलेलं प्रत्येक मत छापून घ्यायचं, हातानं लिहून आलेली पत्रं त्यांतच ठेवायची, पहिल्या दोन ओळी वाचायच्या आणि कागदाला चिठ्ठी टाचायची. आवडलं असेल तर हिरवी, नावडलं असेल तर लाल, आणि दोन्ही नसेल तर पांढरी. तिसरी ओळ वाचायची नाही. तिसऱ्या ओळीपासून लोक आपलं घरचं सांगायला लागतात, असा तिचा समज होता. चिठ्ठ्या मोजल्या की आकडे सोमवारच्या कागदावर चढायचे आणि कागद विभागाच्या साहेबांमार्फत वरच्या मजल्यावर जायचा. वरचे लोक मतं वाचत नसत, ते कागद वाचत.

त्या दिवसांत ‘अकरावी तिजोरी’ नावाची मालिका फार गाजत होती. बँकेत दहा तिजोऱ्या आहेत असं जगाला माहीत, अकरावी कुठल्याच नोंदीत नाही, आणि ती लुटायला निघालेले सहा जण. दर शनिवारी संध्याकाळी रस्ते ओस पडायचे. चोर आहेत म्हणून कुणाला त्यांचा राग येत नव्हता, उलट त्यांचा बेत फसू नये म्हणून भलीभली माणसं जीव मुठीत धरून बसायची. त्या सहा जणांत कुलपं उघडणारी एक पोरगी होती, ती सगळ्यांची लाडकी. आणि बँकेचा म्हातारा पहारेकरी होता, जो आतून त्यांना सामील झाला होता.

नवव्या भागात घात झाला. भोंगा वाजला, पोरगी तिजोरीच्या खोलीत होती, आणि पहारेकऱ्यानं बाहेरून लोखंडी दार लावलं. तिनं आतून हाका मारल्या. तो वळून न बघता, शांतपणे, किल्ल्या खिशात टाकून चालू लागला.

झालं! लोकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोमवारी सकाळी चाळणीताईच्या टेबलावर अकराशे चाळीस मतं येऊन पडली. ‘मेल्या, तुला झोप कशी लागते?’, ‘याचं तोंड पुन्हा दाखवू नका’, ‘हाकला त्या म्हाताऱ्याला’. तिचा टाचणयंत्रावरचा हात थांबेना. संध्याकाळपर्यंत लाल चिठ्ठ्या झाल्या नऊशे ऐंशी. हिरव्या ब्याण्णव, पांढऱ्या अडुसष्ट. तिनं कागदावर लिहिलं, ‘शंभरातल्या शहाऐंशी प्रेक्षकांना पहारेकरी नको आहे.’ साहेबांनी कागद वाचला आणि इतका स्पष्ट आकडा वर्षभरात पाहिला नव्हता म्हणून तिची पाठ थोपटली. यंदा तिला बढती मिळणार अशी कुजबुज होतीच, ती आणखी वाढली.

मंगळवारी दुपारी वरून निर्णय आला. पहारेकरी अकराव्या भागात जिन्यावरून पडून मरणार. ते चित्रीकरण शुक्रवारी. त्यानंतर त्या नटाचं काम संपलं.

संध्याकाळी घरी तिनं ही बातमी थोड्या तोऱ्यातच सांगितली. नवरा अजून कामावरून यायचा होता. सासूबाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मटार सोलत बसल्या होत्या. शनिवारी त्या पहारेकऱ्याला त्यांनी अशा शिव्या घातल्या होत्या की खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी कुणाचं भांडण झालं म्हणून विचारलं होतं. तेव्हा त्यांना आनंदच होईल असं सुनेला वाटलं. पण म्हातारीचे हात थांबले.

“काढणार? त्याला? का गं?”

“लोकांना नकोय, आई. तुम्हीच नाही का त्याच्या नावानं ओरडत होता?”

“अगं, तो खरा वाटला म्हणून ओरडले. नुसता रंग फासून उभा राहिला असता तर मी उठून दूध तापवायला गेले असते.”

“लोक लिहितात नको, मी मोजते नको. माझं काम तेवढंच.”

“तुझ्या सासऱ्यांना मी जन्मभर बोलले. त्यातलं पहिलं वाक्य तेवढं कुणी लिहून घेतलं असतं ना, तर लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी लोकांनी आमचा काडीमोड केला असता. माणूस रागानं सुरुवात करतो, बाई. खरं काय ते शेवटी बोलतो.”

सुनेनं समजावून पाहिलं. हजार कागद असतात, प्रत्येकाच्या मनात शिरत बसलं तर सोमवारचा कागद पुढच्या सोमवारी जाईल, आणि शिवाय ती कुणाचं बरंवाईट करत नाही, ती फक्त मोजते. सासूबाईंनी एक शेंग उचलली, उघडली आणि दाणे वाटीत टाकले.

“फाशी देणाराही म्हणतो, मी फक्त दोर ओढतो,” त्या म्हणाल्या.

सून उठली. तिनं ताटं मांडली, पण जरा जास्तच आवाज करून मांडली. आईंना कामातलं काय कळतं, असं ती मनाशी म्हणाली आणि ते वाक्य तिला स्वतःलाच पटलं नाही.

बुधवारी सकाळी साडेनऊला विभागाच्या दारात एक म्हातारा गृहस्थ उभा राहिला. इस्त्रीचा सदरा, हातात कापडी पिशवी, डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा. चाळणीताईनं त्याला ओळखलं नाही. पडद्यावर तो चष्मा लावत नसे. त्यानं नाव सांगितल्यावर मात्र तिनं हातातला चहाचा कप खाली ठेवला. तो पहारेकरी होता, म्हणजे पहारेकऱ्याचं काम करणारा नट होता.

तिला वाटलं, आता हा भांडणार. तो भांडला नाही. त्यानं खुर्ची मागून घेतली आणि आपली हकिकत थोडक्यात सांगितली. दिवसभर चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या आणि संध्याकाळी नाटकात काम करायचं, असं त्याचं चाळीस वर्षं चाललं होतं. नाटकातलं काम म्हणजे तरी काय, पत्र आणून देणारा पोस्टमन किंवा ‘आलो साहेब’ म्हणून आत जाणारा नोकर. एकसष्टाव्या वर्षी ही मालिका मिळाली, तेव्हा त्यानं दुकान सोडलं. काल संध्याकाळी त्याला फोन आला की लोकांना तुम्ही नको आहात.

“मला रडगाणं गायचं नाही, ताई,” तो म्हणाला. “आजवर माझ्याबद्दल कुणी एक ओळ लिहिली नव्हती. पहिल्यांदाच लोकांनी लिहिलंय. माझं चुकलं कुठे, तेवढं वाचू द्या. पुढे कधी काम मिळालं तर सुधारता येईल.”

बाहेरच्या माणसाला मतं दाखवायची नाहीत, हा नियम होता. तिनं क्षणभर विचार केला. मग लाल चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातून शंभरेक कागद वेगळे केले, लिहिणाऱ्यांची नावं-पत्ते असलेली मागची पानं काढून घेतली आणि उरलेलं त्याच्यासमोर ठेवलं. त्यानं पिशवीतून वही काढली, पेन्सिलीला टोक केलं आणि परीक्षेला बसल्यासारखा वाचू लागला. ओळीखाली बोट धरून, सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत.

ती आपल्या कामाला लागली खरी, पण लक्ष तिकडेच. पाच कागद झाले तरी त्यानं वहीत काही लिहिलं नव्हतं. सहावा कागद वाचताना तो थांबला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला.

“ताई, हा चुकून इकडे आलाय का बघा.”

तिनं बघितलं. पहिल्या दोन ओळी होत्या, ‘अरे नीच माणसा, त्या पोरीच्या हाका तुला ऐकू आल्या नाहीत? तुझ्यासारख्याला लाथ मारून बाहेर काढलं पाहिजे.’ लालच की, ती म्हणाली. त्यानं बोट नवव्या ओळीवर ठेवलं. तिथे लिहिलं होतं, ‘दार लावून तुम्ही चालू लागलात तेव्हा तुमच्या चेहऱ्यात मला माझा चेहरा दिसला. धाकट्या भावाला मी असंच बाहेर ठेवलंय, सहा वर्षं झाली. रात्रभर तळमळले आणि सकाळी त्याला फोन केला. तुम्ही फार मोठे कलावंत आहात. पुढच्या भागात तुम्हाला शिव्या द्यायला पुन्हा बसणार आहे.’

चाळणीताईनं कागद हातात घेतला, कोपऱ्यातली लाल चिठ्ठी पाहिली. ती आपणच टाचली होती. तिनं गठ्ठ्यातला पुढचा कागद उचलला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तिसरी ओळ वाचली. मग चौथी. ‘पाजी म्हातारा’ अशी सुरुवात करणारा माणूस खाली लिहीत होता की घरी सगळे जेवण विसरून बघत बसले. ‘तोंड दाखवू नका’ म्हणणारी मुलगी शेवटी विचारत होती की हे काका कुठल्या नाटकात बघायला मिळतील. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच, आणि दोर आपल्या हातात आहे, हे तिला स्वच्छ दिसलं. तिच्या कानशिलांवर ऊन पडल्यासारखं झालं.

पण सगळेच कागद गोड नव्हते, आणि ते सांगायलाच हवं. काहींना तो खरोखर नको होता. एकानं तर नटाच्या आवाजाची तुलना बिघडलेल्या नळाशी केली होती. म्हाताऱ्यानं ते मात्र वहीत नीट उतरवून घेतलं. शेवटी एक कागद राहिला. तो वाचून त्यानं वही मिटली, कागद तिच्याकडे सरकवला आणि खिडकीबाहेर बघत बसला.

ते एका खऱ्या वॉचमनचं पत्र होतं. पहिल्या दोन ओळी, ‘हे पहारेकऱ्याचं पात्र बंद करा ही विनंती. यात आमचं नुकसान आहे.’ पुढे साध्या, सरळ अक्षरात लिहिलं होतं, ‘मी एका कापड दुकानाच्या दारावर सव्वीस वर्षं उभा आहे. आजवर एक रुमाल इकडचा तिकडे झाला नाही. मालिकेतला पहारेकरी चोरांना सामील झाल्यापासून मालकांचा मुलगा संध्याकाळी हसत हसत माझी पिशवी उघडून बघतो. सगळे हसतात, मीही हसतो. पिशवीत डबा असतो. टीव्हीवरचे काका काम खरं करतात म्हणून हे झालं, त्यांना दोष देत नाही. त्यांना काढू नका. पण त्यांच्याकडून एकदा असं काही करवून घ्या की लोकांना आमच्यासारख्यांकडे पूर्वीसारखं बघता येईल.’

“याला तुम्ही कुठली चिठ्ठी लावता?” म्हाताऱ्यानं विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

ज्याला काढू नका म्हणून वॉचमननं विनवलं होतं, त्यालाच काढा म्हणणाऱ्यांत चाळणीताईनं वॉचमनचं मत मोजलं होतं. तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही. म्हातारा बिचारा गडबडला. आपल्यामुळे बाईमाणसाच्या डोळ्यांत पाणी आलं असं वाटून माफी मागायला लागला. तिनं त्याला थांबवलं. माफी मी मागायला हवी काका, एवढंच ती म्हणाली, आणि त्याला घरी पाठवून दिलं. काही होईल असं वचन दिलं नाही, कारण ते तिच्या हातात नव्हतं.

मग तिनं सगळे नऊशे ऐंशी लाल कागद पुन्हा वाचायला घेतले, पहिल्या शब्दापासून शेवटच्या सहीपर्यंत. बुधवार त्यात गेला. गुरुवारी दुपारी तीन वाजता शेवटचा कागद खाली ठेवला तेव्हा मान आखडली होती आणि डोळे चुरचुरत होते. सहाशे अकरा जणांनी पहारेकऱ्याला शिव्या देऊन नटाचं कौतुक केलं होतं. दोनशे चाळीस जणांचा राग मालिका लांबवण्यावर आणि जाहिरातींवर होता. तो खरोखर नको असणारे निघाले सत्त्याऐंशी. उरलेले बेचाळीस कागद कुठल्याच चिठ्ठीत बसत नव्हते. त्यांतलाच एक वॉचमनचा होता.

ती साहेबांच्या खोलीत गेली. साहेब वाईट माणूस नव्हता, पण वरच्या मजल्याला भिणारा होता. त्यानं नवा कागद वाचला, जुना काढून शेजारी ठेवला आणि कपाळावर हात मारून घेतला. उद्या चित्रीकरण, जिना उभा करून झाला, आणि आज आपण सांगायचं की आकडा चुकला?

“वर काय सांगू मी, ताई? माझ्या विभागाला वाचता येत नाही म्हणून?”

“हो साहेब, तसंच सांगा. माझं नाव घालून सांगा. दोन ओळी वाचून मी एका माणसाचं काम घालवलंय. शहाऐंशी हा आकडा मी बनवला, लोकांनी नाही.”

“बढतीचं माहितीये ना?”

“माहितीये,” ती म्हणाली, आणि तिनं वॉचमनचं पत्र टेबलावर ठेवलं. नाव-पत्त्याचं पान तिनं काढून ठेवलं होतं. बिचाऱ्याच्या नोकरीवर गदा यायला नको.

साहेबानं पत्र उभ्यानं वाचायला घेतलं आणि बसून संपवलं. आपल्या इमारतीच्या खालच्या दारावर जो माणूस बसतो त्याचं आडनाव काय, असं त्यानं मध्येच विचारलं. चाळणीताईला ते माहीत नव्हतं. साहेबालाही नव्हतं. मग साहेबानं दोन्ही कागद आणि ते पत्र उचललं आणि लिफ्टची वाट न बघता जिन्यानं वर गेला.

वर काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण साहेब दीड तासानं लाल कान घेऊन खाली आला. शुक्रवारी जिन्याचा प्रसंग झाला नाही. लेखक मंडळींनी वॉचमनचं पत्र स्वतःकडे ठेवून घेतलं आणि अकरावा भाग नव्यानं लिहिला. चाळणीताईला मात्र ताकीद मिळाली, लेखी. बढती त्या वर्षी दुसऱ्याला गेली. तिला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा. पण ताकीद मिळाली त्या रात्री तिला शांत झोप लागली, मंगळवारी रात्री लागली नव्हती तशी.

अकराव्या भागात पहारेकरी गल्लीच्या टोकापर्यंत जातो, थांबतो, आणि उलट फिरतो. पोलीस बँकेत शिरलेले असताना, पकडलं जाणार हे ठाऊक असताना, तो आत जाऊन ते लोखंडी दार उघडतो. पोरगी बाहेर येते. तो बेड्यांसाठी हात पुढे करून तिथेच उभा राहतो. त्या म्हाताऱ्यानं हे काम असं केलं की सासूबाई टीव्ही बंद झाल्यावरही बराच वेळ जागेवरून उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेकडून कागद मागून घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा एका मालिकेला आपलं मत कळवलं. कौतुक पहिल्याच ओळीत लिहिलं. लोकांना शेवटपर्यंत वाचायचा कंटाळा असतो, असं त्या सुनेकडे न बघता म्हणाल्या.

मंडळी, मत देणं हा तुमचा-आमचा हक्क आहे आणि तो कुणी सोडू नये. पण आपण सगळेच कुठे ना कुठे चिठ्ठ्या लावत बसलेलो असतो. कुणाचं एक वाक्य ऐकून, कुणाचा धंदा पाहून, पडद्यावर दिसलेल्या चोराचा राग दारावर उभ्या असलेल्या सज्जनावर काढून आपण निकाल देतो आणि पुढच्या कागदाकडे वळतो. ज्याचा निकाल लागतो त्याच्या घरी काय होतं ते आपल्याला दिसत नाही. म्हणून माणसाचं म्हणणं शेवटच्या ओळीपर्यंत ऐकावं, मगच त्याच्याबद्दल तोंड उघडावं. याला वेळ लागतो, हे खरं. लागू द्यावा.

पुढच्या आठवड्यात चाळणीताईच्या टेबलावर नेहमीसारखा गठ्ठा आला. टाचणयंत्र तिनं कपाटात ठेवून दिलं होतं. गठ्ठ्यात ओळखीच्या सरळ अक्षरातलं एक पत्र होतं, चारच ओळींचं. तिनं चारही वाचल्या.

‘काल संध्याकाळी मी निघताना पिशवी उघडून पुढे केली. मालकांच्या मुलानं ती बंद केली. म्हणाला, काका, तुम्हीसुद्धा परत आला असता ना? मी म्हणालो, मी गेलोच नसतो, बाळ.’